साक्रामेंत वेगळे, सरकारी नोंदणी वेगळी

महोदय,

समलिंगी विवाहाची चर्चा निघाली की ख्रिस्ती समाजात एक धास्ती हटकून ऐकू येते: कायदा झाला तर फादरना अशी लग्ने लावावी लागतील. कायदा उघडून वाचला तर तिला आधार सापडत नाही.

कॅथलिकांसाठी लग्न हे साक्रामेंत, म्हणजे पवित्र संस्कार. चर्चमधले लग्न १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लागते. (गोव्यात पद्धत निराळी. तिथे आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे सह्या, मग तिथला दाखला घेऊन चर्च.) या कायद्याचे कलम ५ धर्मगुरूला लग्न लावण्याची मुभा देते, तीही त्याच्या चर्चच्या नियम-विधींप्रमाणे. मुभा, सक्ती नव्हे. आणि कॅथलिकांचे नियम काय ते चर्चच्या स्वतःच्या कायद्यात, कॅनन (कलम) १०५५ मध्ये आहे: पुरुष आणि स्त्री यांचा आयुष्यभराचा करार. डिसेंबर २०२३ मध्ये रोमने, म्हणजे व्हॅटिकनने, समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यायला हरकत नाही म्हटले, त्यावर बराच गदारोळ झाला. पण त्याच घोषणापत्रात बजावले आहे की आशीर्वादाला विधीचे रूप नको, तो नागरी सोहळ्याला जोडून नको आणि लग्नाचा पोशाखही नको.

सर्वोच्च न्यायालयापुढच्या समलिंगी विवाहाला मान्यता मागणाऱ्या याचिकांचा मुख्य रोख १९५४ च्या विशेष विवाह कायद्यावर, म्हणजे धर्म न पाहता सरकारी नोंदणीने होणाऱ्या लग्नांच्या कायद्यावर होता. धर्मागणिक वेगळ्या व्यक्तिगत कायद्यांत शिरणार नाही, हे खंडपीठाने सुरुवातीलाच सांगितले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मागणी फेटाळली गेली. १९५४ च्या कायद्यात नुसता एखादा शब्द बदलून भागणारे नव्हते. कलम ४ मध्ये पुरुषाला २१ आणि स्त्रीला १८ वर्षांची अट आहे, घटस्फोटाची काही कारणे फक्त पत्नीला मिळतात, पोटगीही तिलाच. हे सगळे नव्याने लिहायचे तर ते काम संसदेचे.

आता घटस्फोटाचे पाहा. कॅथलिक शिकवणीत घटस्फोट नाही. तरीही १८६९ पासून ख्रिस्ती लोकांसाठीच घटस्फोटाचा कायदा आहे आणि २००१ मध्ये त्यात परस्परसंमतीची तरतूदही आली. न्यायालयाचा हुकूम हातात असला तरी धर्मप्रांताच्या न्यायासनाने आधीचा विवाह मुळात अवैध ठरवल्याशिवाय फादर दुसरे लग्न लावत नाहीत. त्यासाठी कुणा फादरवर खटला भरला जात नाही. तो कायदा रद्द करा, अशीही मागणी कुणी करत नाही. मग हीच वाट समलिंगी जोडप्यांच्या नागरी नोंदणीपाशी येऊन का अडावी?

२००३ मध्ये रोमने नागरी मान्यतेलाही विरोध करायला सांगितले होते, हे खरे. पण कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथाचा (कॅटेकिझम) परिच्छेद २३५८ अशा व्यक्तींशी अन्याय्य भेदभाव टाळायला सांगतो, तोही रोमचाच. दवाखान्यात सही कोणी करायची, जोडीदाराच्या मागे घर कोणाचे, हे प्रश्न साक्रामेंताचे नाहीत.

विधेयक आलेच तर चर्चने मागायचे ते नेमके मागावे. इंग्लंडच्या २०१३ च्या कायद्यात धर्मगुरूवर सक्ती नाही आणि नकार दिला म्हणून भेदभावाचा दावाही लावता येत नाही. ज्या पंथाला अशी लग्ने हवी आहेत, त्याने स्वतः पुढे येऊन होकार द्यायचा. यातल्या पहिल्या दोन तरतुदी आपल्याकडच्या मसुद्यात स्पष्ट शब्दांत याव्यात.

– काही कॅथलिक वाचक, वसई