कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या झेरॉक्सवाल्या काकांस

काका, सा. न. वि. वि.

दुकानात येऊन आभार मानले असते तर "बरं बरं, बाजूला सर, गिऱ्हाईक हाय" म्हणून तुम्ही वाटेला लावलं असतंत. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

युरोपात शिकायला मिळणाऱ्या इरास्मस मुंडस शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता त्या जानेवारीत माझी कागदपत्रं आपसातच भांडत होती. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, एका दाखल्यावर मध्येच आईचं नाव. स्कॅनरचं झाकण उघडं ठेवून तुम्ही म्हणालात, "पोरी, ही तीन माणसं झाली. तिकडच्या सायबाला कसं कळायचं?" प्रतिज्ञापत्र तुम्हीच टाइप केलंत, नोटरीकडे तुम्हीच धाडलंत. शेवटच्या रात्री पीडीएफ मोठी म्हणून साइट घेईना, तेव्हा शटर अर्ध्यावर ओढून अकरापर्यंत फायली लहान करत बसलात. घेतलेत किती, तर झेरॉक्सचे सोळा रुपये. दोन वर्षं, किमान दोन देश आणि महिन्याला 1400 युरो हा हिशेब बाबांना रुपयांत पहिल्यांदा दिसला तोही तुमच्याच कॅल्क्युलेटरवर. त्यांनी तो दोनदा करायला लावला.

व्हिसासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला निघाले तेव्हा तुम्ही स्वतःची प्लॅस्टिकच्या कप्प्यांची फाइल दिलीत आणि वर एक काम सांगितलंत. "एवढ्या लांब जातीयास, तर जमलं तर फ्लॉरेन्सला जा. आपलं राजाराम महाराज हाईत तिथं. मुजरा करून ये."

मला वाटलं, राजारामपुरीचे राजाराम! तुम्ही कपाळावर हात मारलात. ते शाहू महाराजांचे चिरंजीव, हे त्यांच्या कितीतरी आधीचे. 1870 साली विलायत पाहायला गेले आणि परतीच्या वाटेवर 30 नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं 20. कोल्हापुरात जन्म काढून मला हे माहीत नव्हतं, आणि पुराचा अभ्यास करायला मी चालले होते जर्मनीला.

ड्रेस्डेनमध्ये पहिल्याच महिन्यात 2002 च्या पुराचा धडा झाला. एल्बे नदी 9.40 मीटरवर गेली होती. तुमच्याकडे पाणी कसं मोजतात, असं सरांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे पावसाळ्यात भाजीवालीसुद्धा "राजाराम बंधाऱ्याला किती फूट?" विचारते, म्हणजे पंचगंगेचं पाणी, आणि 43 म्हटलं की धोका. मग तुमच्या दुकानातला फोटो दाखवला. लॅमिनेशन मशीनच्या वर भिंतीवर बॉलपेननं मारलेली रेघ, शेजारी तुमच्या अक्षरात '2019'. वर्ग ती रेघ बराच वेळ पाहत होता.

सुट्टीत रात्रीच्या बसनं फ्लॉरेन्सला गेले. शहरात जागोजागी भिंतींवर दगडी पाट्या दिसल्या, 4 नोव्हेंबर 1966 ला आर्नोचं पाणी इथवर आलं होतं म्हणून. तुमचीच रेघ, फक्त संगमरवरात. मग कास्चिने बागेतून चालत निघाले ते पार टोकापर्यंत. पाय मोडून आले, पण आर्नो आणि मुन्योने मिळतात तिथं स्मारकाच्या छत्रीखाली महाराज दिसले. फेटा, दागिने, चेहरा अगदी कोवळा. माझ्यापेक्षा लहान की हो! संगमावर दहनाला खास परवानगी घ्यावी लागली होती. मला आपल्याकडच्या नद्यांच्या संगमावरची प्रयाग चिखली आठवली. शेजारच्या पुलालाही 'इंदियानो' म्हणतात, म्हणजे भारतीयाचा पूल. त्यावरून रोज गाड्या हाकणाऱ्या किती जणांना कोल्हापूर ठाऊक असेल, कुणास ठाऊक. आजूबाजूला कुत्री फिरवणारी माणसं होती. त्यांच्यादेखत वाकून मुजरा केला. एक आजोबा सायकल थांबवून पाहत राहिले.

तुम्ही सांगितलं नसतंत तर तो दिवस मी रांगेत उभं राहून म्युझियमं बघण्यात घालवला असता.

फाइल परत आणतेय, एक कप्पा फाटलाय. सोबत महाराजांचा फोटो ए-फोरवर छापून आणलाय. लॅमिनेशन तुम्हीच करा आणि दुकानात लावा. मात्र त्या रेघेच्या वर लावा, खाली नको.

तुमची,
तीन नावांची पोरगी