पुढे असताना घेतलेली बरोबरी

एक्झेटर, डेव्हन
रविवार, रात्र

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

काल मी डेव्हन काउंटीच्या बुद्धिबळ संघातून पहिल्यांदाच खेळले. निकाल आईला फोनवर सांगितला होता; पण एक प्यादे जास्त असताना मी बरोबरी घेतली, हे तिच्याकडून ऐकल्यावर तुम्ही काही न बोलता फोन तिच्याच हाती ठेवलात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

इथले काउंटी सामने म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा संघांच्या लढतींसारखे. काउंटी अजिंक्यपदाची ही परंपरा शंभराहून अधिक वर्षांची आहे, आणि तरीही सगळा कारभार हौसेवर चालतो. मानधन कुणालाच नसते आणि गाडीभाडे ज्याचे त्याने भरायचे. सामना एका गावच्या सभागृहात होता. लांब टेबलांवर एकापुढे एक १६ पट मांडलेले होते आणि मागच्या खिडकीत चहाचे मोठे भांडे व घरी केलेले केक ठेवले होते. खेळाडू मानांकनाच्या उतरत्या क्रमाने बसतात, त्यामुळे मला तेरावा पट मिळाला. नाणेफेकीनंतर विषम पटांवर आम्हाला पांढरे मोहरे आले.

माझे प्रतिस्पर्धी सत्तरी ओलांडलेले गृहस्थ होते. प्रत्येक चाल खेळण्याआधी ते ती कागदावर न लिहिता, पेन पटाशेजारी अगदी सरळ ठेवत, मगच मोहऱ्याला हात लावत आणि चाल झाल्यावर पेन उचलून नोंद करत. हा क्रम त्यांनी चार तासांत एकदाही मोडला नाही. तुम्ही मला लहानपणी हात मांडीखाली ठेवून बसायला लावत होतात, त्याची सारखी आठवण येत होती.

एकतिसाव्या चालीला त्यांचे राजापुढचे प्यादे पडले आणि लगोलग दोघांचे वजीरही एकमेकांना मारून बदलले गेले. इथपर्यंत मी चांगले खेळले. चूक त्यानंतर झाली, आणि ती मला तुमच्यापासून लपवायची नाही. वजिराच्या बाजूची दोन्ही जोड प्यादी मी बदलून टाकली, कारण डाव सोपा करावा असे वाटले. तुम्ही नेहमी सांगायचात की, पुढे असशील तेव्हा मोहरे बदल, प्यादी नको. नेमके तेच मी विसरले. सगळी प्यादी राजाच्या एकाच बाजूला उरली, माझी चार आणि त्यांची तीन, आणि दोघांकडे एकेक हत्ती. हत्तीच्या या डावात बचाव करणाऱ्याने एच-५, जी-६ आणि एफ-७ या घरांत प्यादी लावली की जिंकणे फार कठीण होते, आणि त्या गृहस्थांनी ती तशीच लावली होती. दोन्ही बाजूंना प्यादी असती, तर त्यांच्या हत्तीला दोन ठिकाणी धावावे लागले असते.

सेहेचाळिसाव्या चालीला त्यांनी बरोबरी देऊ केली. त्या क्षणी आमचे आठ गुण होते, त्यांचे पाच, आणि तीन डाव चालू होते. सामना जिंकायला साडेआठ गुण लागतात. संघनायकाला पटावरच्या स्थितीबद्दल अवाक्षरही बोलता येत नाही; सामन्याची परिस्थिती बघून 'घे', 'नको' किंवा 'तू ठरव' एवढेच सांगता येते. मी विचारले. त्यांनी गुणफलकाकडे पाहिले आणि निर्णय माझ्यावर सोपवला.

उरलेले दोन्ही डाव मी उठून पाहून आले. एका पटावर आमचा घोडा गेलेला होता आणि दुसरीकडे आमच्या मुलाच्या घड्याळात एक मिनिटही नव्हते, प्रत्येक चालीला मिळणाऱ्या ३० सेकंदांवर तो जगत होता. माझ्याकडे अकरा मिनिटे होती. मी एकटी खेळत असते तर आणखी पन्नास चाली खेळले असते, आणि तुम्हाला ते आवडले असते. परंतु बाबा, त्या अर्ध्या गुणावर इतर पंधरा जणांच्या दुपारचाही हक्क होता. मी हात पुढे केला. पुढच्या अर्ध्या तासात ते दोन्ही डाव आम्ही हरलो आणि सामना साडेआठ-साडेसात असा जिंकलो.

परतताना गाडीत मीर सुलतान खान यांचा विषय निघाला, कारण मी भारतातली आहे म्हटल्यावर इथली जुनी माणसे हमखास त्यांचे नाव काढतात. देशी पद्धतीचे बुद्धिबळ खेळून वाढलेल्या त्या माणसाने १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चालते आणि शेवटच्या घरात पोचल्यावर त्या पट्टीच्या मोहऱ्याचे रूप घेते, असे आजोबांचे देशी नियम मी गाडीतल्यांना समजावून सांगितले, तेव्हा गाडी चालवणाऱ्या संघनायकांनी दोनदा पुन्हा विचारून घेतले. आपल्या पुण्याच्या अभिजित कुंटे यांनी २००३ साली हेच अजिंक्यपद जिंकले होते, हेही मी अभिमानाने सांगितले.

आता एक विनंती. दिवाणखान्यातला पट काढून ही स्थिती मांडा. पांढरे: राजा जी-२, हत्ती ए-७, प्यादी ई-४, एफ-२, जी-३, एच-४. काळे: राजा जी-७, हत्ती बी-२, प्यादी एफ-७, जी-६, एच-५. चाल पांढऱ्याची. तुम्ही पुढे कसे खेळला असता ते मला चालींसह लिहून कळवा. काळ्याच्या बाजूने उत्तरे द्यायला मी तयार आहे.

आईच्या गुडघ्याची काळजी घ्यावी. तिला नमस्कार.

तुमची,
लेक