तिसाव्या किलोमीटरचा हिशेब

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला ट्रायथलॉनवरचा लेख मनापासून वाचला. खटकली ती फोटोखालची ओळ: ‘मनाने ठरवलं की शरीर ऐकतंच.’ वर फोटो होता रांगत अंतिम रेषा गाठणाऱ्या स्पर्धकाचा. मी शाळेत गणित शिकवते, पूर्ण अंतराच्या स्पर्धा पुऱ्या केल्या आहेत, आणि ज्या वर्षी स्वतः उतरत नाही त्या वर्षी धावण्याच्या मार्गावर पाण्याच्या टेबलामागे उभी असते. शरीर असं ऐकत-बिकत नाही. त्याच्याशी घासाघीस करावी लागते आणि घासाघिशीला आकडे लागतात.

पूर्ण अंतराची ट्रायथलॉन म्हणजे एकामागोमाग ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल आणि वर ४२.२ किमी धावणं. बहुतेक ठिकाणी एकूण मुदत १७ तास. शरीरात साठवलेली साखर साधारण २००० कॅलरींची, खर्च त्याच्या कितीतरी पट. खाऊन भरून काढावं म्हटलं तर आतडी तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकंच शोषू शकतात, म्हणजे फार तर ३६० कॅलरी. बाकीचं चरबीतून येतं, पण संथपणे. मनाने काहीही ठरवलं तरी या वजाबाकीचं उत्तर बदलत नाही. बदलता येतो तो वेग.

मनाचा वाटा नाहीच, असं मात्र मी म्हणणार नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सायकलपटूंनी कर्बोदकांचं पाणी गिळलं नाही, नुसतं तोंडात खळखळवून थुंकलं, तरी तासाभराच्या शर्यतीत त्यांची वेळ सुमारे ३ टक्क्यांनी सुधारली. पोटात काही गेलं नव्हतं, मेंदूला फक्त चाहूल लागली होती. थकव्याचा काही भाग मेंदू आधीच हात आखडता घेतो म्हणून येतो, हे त्यावरून पटतं. पण ३ टक्के म्हणजे ३ टक्के.

माझ्या एका स्पर्धेचं सांगते. पाण्यात उतरल्या उतरल्या कुणाची तरी टाच माझ्या गॉगलवर बसली. उजव्या काचेत पाणी शिरायचं थांबेना, तेव्हा तो डोळा मिटून घेतला. श्वास डावीकडून घ्यायची सवय असल्याने मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या बोया दिसत राहिल्या, इतकंच. सायकलवर वारा समोरून होता. पंक्चर झालं, ट्यूब बदलली. बऱ्याच अंतरानंतर मागचं चाक पुन्हा बसलं. आता जवळ दुसरी ट्यूब नव्हती, पॅच होते. टायरच्या आतून अंगठा फिरवला तर तारेचा बारीकसा तुकडा हाताला लागला, तो काढला. ट्यूब घासली, सोल्युशन लावलं आणि ते वाळायची वाट पाहत रस्त्याच्या कडेला बसले. शेजारून एकामागून एक सायकली सुसाट जात होत्या. पॅच ओल्यावरच चिकटवावा, अशी हाताला विलक्षण घाई सुटलेली. त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम कुठलं, असं विचाराल तर मी ते सोल्युशन वाळू देणं सांगेन. त्याचा फोटो कोण काढणार?

धावताना पोटाने एनर्जी जेल (कर्बोदकांचा घट्ट पाक) परत पाठवलं. उलटी झाल्यावर काही वेळ फक्त चालले, घोट-घोट कोला आणि चिमूटभर मीठ, एवढंच. तिसाव्या किलोमीटरच्या पाटीशी घड्याळ पाहिलं. १२ किमी आणि वर थोडे मीटर राहिलेले, हातात २ तास १० मिनिटं. किलोमीटरला साडेदहा मिनिटांहून थोडी जास्तच. ताशी ६ किमीने झपझप चाललं तरी किलोमीटरला १० मिनिटं लागतात. म्हणजे चालत पोचता येत होतं! पाय तेच होते, दुखणं तेच होतं, पण या उत्तराने जो धीर आला तो कुठल्या सुविचाराने आला नसता. पाण्याच्या प्रत्येक टेबलाशी चालायचं, मधे जमेल तेवढं धावायचं, असं करत मुदतीत पोचले.

हाच हिशेब मी टेबलामागून इतरांवर वापरते. पाणी पुढे करताना विचारते, ‘किती राहिलं?’ ‘बारा!’ असं कुणी खेकसलं की मला बरं वाटतं. नजर हरवलेली असेल, उत्तर भलतंच असेल, पाय वाकडेतिकडे पडत असतील, तर मी ‘शाब्बास, चला चला’ म्हणत नाही, वैद्यकीय पथकाला हाक मारते. उष्माघातात शरीराच्या आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि अंगाला घाम असला तरी माणूस भरकटतो. अशा वेळी त्याला तिथेच बर्फाच्या पाण्यात गार करायचं आणि मग रुग्णालयात न्यायचं, हा क्रम असतो. नुसतं पाणी पीत राहिल्याने रक्तातलं सोडियम खाली गेलं तरी माणूस असाच गोंधळतो, आणि त्याला आणखी पाणी पाजणं घातक ठरतं. गर्दीतून दोघंही ‘जिद्दी’च दिसतात.

रांगण्याचा तो फोटो जगाला आवडू लागला १९८२ पासून. हवाईच्या आयर्नमन या पूर्ण अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये आघाडीवर असलेली जूली मॉस रेषेजवळ कोसळली, कॅथलीन मॅकार्टनी तिला मागे टाकून जिंकली आणि जूली रांगत दुसरी आली. दूरचित्रवाणीने ते घरोघरी पोचवलं. तिच्या धैर्याला नावं ठेवायची माझी छाती नाही. पण मला जास्त भावते ती १९९५ ची पॉला न्यूबी-फ्रेझर. तोवर सात वेळा तिथे जिंकलेली. वेळ वाचवायला शेवटच्या टप्प्यातली पाण्याची टेबलं तिने सोडली आणि रेषा अगदी समोर असताना पाय गेले. पहिला क्रमांक हातचा गेल्यावर ती सुमारे २० मिनिटं रस्त्यावरच पडून राहिली, अंगावर पाणी घेतलं, उठली आणि चालत जाऊन चौथी आली. पुढच्या वर्षी आठव्यांदा जिंकली.

आणि २०२० मध्ये फ्लोरिडात पूर्ण आयर्नमन पुरी करणारा डाउन सिंड्रोम असलेला पहिला माणूस, ख्रिस निकिक. सायकलवरून पडला, थांबला तिथे मुंग्या डसल्या. वेळ १६ तास ४६ मिनिटं ९ सेकंद, म्हणजे १७ तासांची मुदत संपायला १४ मिनिटंही उरली नव्हती. रोज १ टक्का सुधारणा, हे त्याचं आणि त्याच्या वडिलांचं सूत्र. मला ते आवडणारच.

संपादक महाशय, एक विनंती. पुढच्या स्पर्धेला आपला छायाचित्रकार अंतिम रेषेवर न ठेवता तिसाव्या किलोमीटरला उभा करा. सायंकाळनंतर पाठवा, आणि फ्लॅश कुणाच्या डोळ्यांवर मारू नको असं बजावून पाठवा. तिथली माणसं हिशेब करत असतात.

– एक वाचक, गणिताची शिक्षिका