फायबर तापला तर आधी कोटिंग जातं

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीतला ऑप्टिकल फायबरवरचा, म्हणजे प्रकाशातून सिग्नल नेणाऱ्या काचेच्या बारीक तारेवरचा, लेख वाचला, आवडला, पण त्यात 'फायबर काचेचा असल्याने त्याला उष्णतेची भीती नाही' असं एक वाक्य होतं आणि त्यावर लिहिल्याशिवाय राहवेना, कारण फायबर जोडणं, तपासणं हेच माझं रोजचं काम आहे आणि याच समजुतीपायी वाया गेलेल्या केबल मी पाहिल्यात.

काच हजार डिग्रीला वितळत नाही हे बरोबर आहे, पण ती काच असते जेमतेम 125 मायक्रॉन जाडीची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि नुसती ठेवली तर बारीकसा ओरखडा किंवा हवेतला ओलावाही तिला पुरतो. म्हणून तिच्यावर ॲक्रिलेट या प्लास्टिकचे दोन थर देतात, हेच कोटिंग, आतला मऊ, बाहेरचा कडक, काचेसकट सगळं मिळून 250 मायक्रॉनच्या आसपास. हे नेहमीचं ॲक्रिलेट साधारण 85 डिग्रीपर्यंतचं. त्याच्या वर महिनोन्‌महिने राहिलं की पिवळं पडतं, मग ठिसूळ होतं. वाफेच्या पाइपला लागून टाकलेली एक केबल आम्ही उघडली तर कोटिंगचे पापुद्रे सुटले होते आणि नुसतं बोट लागलं तरी फायबर तुटत होता, काच मात्र जराही वितळलेली नव्हती!

गरम जागेसाठी वेगळी कोटिंग मिळतात. सिलिकॉन 200 डिग्रीच्या आसपास चालतं, पॉलिइमाइड हे उष्णता सोसणारं प्लास्टिक 300 पर्यंत, ॲल्युमिनियम 400, आणि सोन्याचा मुलामा दिलेला फायबर 700 पर्यंत वापरतात. माझा कल पॉलिइमाइडकडे, थर पातळ असतो आणि टिकतो चांगला, फक्त तो साध्या स्ट्रिपरने निघत नाही, जाळून नाहीतर गरम सल्फ्युरिक ॲसिडने काढावा लागतो, म्हणून जोडणाऱ्याला आधी कळवलं पाहिजे. धातूचं कोटिंग काचेपेक्षा जास्त आकसतं, त्यात फायबर बारीक बारीक वाकतो आणि त्यातून पुढे जाणारा प्रकाश कमी होतो, त्यामुळे ते लांब लाइनला सहसा घेत नाहीत. तेलविहिरीत तर उष्णतेच्या जोडीला हायड्रोजन काचेत शिरतो आणि सिग्नल खातो, तिथे पॉलिइमाइडच्या खाली कार्बनचा पातळ थर देतात.

तेव्हा विनंती एवढीच की त्या वाक्याची दुरुस्ती छापावी, आणि केबल घेणाऱ्यांनी डेटाशीटमध्ये कोटिंग कोणतं आणि ते सतत किती डिग्री सोसतं हे बघावं, केबलच्या वरच्या जॅकेटचा, म्हणजे बाहेरच्या आवरणाचा, आकडा वेगळा असतो, तोही बघावा.

आपला,
एक फायबर टेक्निशियन