बाबांच्या दाखल्याबद्दल

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याचा फोटो पाठव, मी बँकेत दाखवते." मी मुद्दामच पाठवला नाही. नुसत्या फोटोवर ते बाबांचं खातं तुझ्या नावावर करणार नाहीत, आणि तुला उगीच हेलपाटा पडेल. इथल्या निबंधकाची सही खरी की खोटी, हे तिथल्या माणसाला कसं कळावं? त्यासाठी अपोस्टिल, म्हणजे सही-शिक्का खरा असल्याचं सरकारी प्रमाणपत्र, लागतं.

पूर्वी असा कागद परदेशी न्यायचा तर एकामागून एक शिक्के घ्यावे लागत, अगदी परराष्ट्र खात्याचा आणि शेवटी त्या देशाच्या दूतावासाचासुद्धा. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारानं ती साखळी तोडली. दोन्ही देश करारात असले की कागद जिथला, तिथल्या नेमलेल्या कार्यालयाचं एक अपोस्टिल पुरतं. करारात नसलेल्या देशांसाठी जुनी वाट अजून आहेच. आपले दोन्ही देश करारात आहेत, आणि एकानं दुसऱ्याच्या प्रवेशाला हरकतही घेतलेली नाही. तशी हरकत असली तर त्या दोघांपुरता करार लागूच होत नाही, म्हणून हेग परिषदेच्या संकेतस्थळावरची यादी मी दोनदा पाहिली.

आता नीट वाच. अपोस्टिल सांगतं ते इतकंच, की सही खरी, सही करणाऱ्याचा हुद्दा खरा आणि शिक्का खरा. आतल्या मजकुराची हमी ते देत नाही. बाबांच्या नावातलं एक अक्षर दाखल्यात चुकलं होतं. त्या चुकीच्या नावावरही अपोस्टिल बिनबोभाट लागलं असतं, आणि मग पासपोर्टशी नाव जुळत नाही म्हणून तिकडे तुला अडवलं असतं. म्हणून आधी दुरुस्ती करून घेतली. नंतर केली असती तर नव्या प्रतीवर पुन्हा अपोस्टिल आलंच. दुरुस्तीसाठी तो कागद ओळ न् ओळ वाचावा लागला, मुक्ता. मृत्यूच्या वेळेच्या रकान्यापाशी मी बराच वेळ थांबले. पण नाव आता बरोबर आहे. बाबा स्वतःच्या नावाबद्दल किती काटेकोर होते, तुला ठाऊक आहे.

तिथल्या आपल्या वकिलातीतून हे काम होईल का, असं तू विचारलंस. नाही होणार. वकिलातीनं दिलेले कागद या करारात येतच नाहीत.

दुरुस्त दाखल्याच्या तीन प्रती घेऊन तिन्हींवर अपोस्टिल केलंय. बँकेनं एक ठेवून घेतली तरी वारसाहक्काच्या कामाला दुसरी असू दे.

भाषांतराचं मात्र तूच बघ. कुठल्या भाषांतरकाराचं चालेल, अपोस्टिलचंही भाषांतर हवं का, हे बँकेकडून लेखी घे. अपोस्टिलला मुदत नसते, पण दाखला अलीकडे काढलेलाच हवा असं काही ठिकाणी म्हणतात, तेही त्याच पत्रात विचार.

लिफाफा उद्या निघेल. अपोस्टिलचं पान दाखल्याला जोडलेलं आहे. झेरॉक्स काढतानासुद्धा ते सुटं करू नकोस, सुटं झालं की कागदाशी छेडछाड झाली असं समजतात. लॅमिनेशनही करू नकोस. पोहोचलं की लगेच कळव.

तुझी,
आई