डोळे अधू असतील तर दुसऱ्या कानाचाही खर्च द्या

मा. केंद्रीय सामाजिक न्याय व सक्षमीकरण मंत्री,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

दिव्यांगांना साधनं पुरवणाऱ्या एडिप योजनेतून आपलं मंत्रालय लहान कर्णबधिर मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेनं आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, देतं. मोलमजुरी करणाऱ्या आईबापांना हा लाखोंचा खर्च जन्मात झेपला नसता, हे आधीच मान्य करते. पण इम्प्लांट मिळतं एकाच कानात. डोळे धड असलेल्या मुलाचं त्यावर भागतं. हॉर्न ऐकला की ते मान वळवून बघतं. ज्याला दिसतही नाही, त्यानं काय करायचं?

मी अंध-कर्णबधिर मुलांना शिकवते. माझी सातवीतली एक विद्यार्थिनी पांढरी काठी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहते. रिक्षा येतेय हे तिला कळतं, कुठून येतेय हे नाही. मग ती डोकं डावी-उजवीकडे फिरवत आवाज कुठे मोठा होतो ते चाचपते. तोवर रिक्षा पुढून निघून गेलेली असते. दिशा ओळखायला मेंदूला दोन कानांतल्या आवाजांमधला फरक लागतो. दोन इम्प्लांट बसवली म्हणून आपल्यासारखं ऐकू येतं असं नाही, पण डावं-उजवं बरंचसं उमगतं.

अशर सिंड्रोम या आनुवंशिक आजारात ऐकणं आणि दृष्टी दोन्ही जातात; त्याची मुलं तर या नियमात पुरती अडकतात. त्यातल्या पहिल्या प्रकारात बहिरेपण जन्मतःच असतं, मूल चालायलाही उशिरा लागतं. पुढे रातांधळेपणा येतो. 'संध्याकाळ झाली की धडपडतो, धांदरटच आहे मेला,' असं घरचे म्हणत राहतात आणि नजर कडेकडून आक्रसत जाते. ती पुरती अधू होईपर्यंत योजनेचं वय उलटलेलं असतं. शिवाय जन्मापासून न वापरलेल्या कानात इतक्या उशिरा इम्प्लांट बसवून फारसं हाती लागत नाही. म्हणजे निर्णय लहानपणीच व्हायला हवा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं बहिरेपण आणि अंधत्व एकत्र असण्याची दखल घेतली आहे. खर्च मंजूर करताना मात्र कानाच्या फाइलमध्ये डोळा दिसत नाही.

इम्प्लांटसाठी येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या दृष्टिपटलाची तपासणी सक्तीची करा. दोष आढळला, तर दुसऱ्या कानाचा खर्च त्याच मंजुरीत द्या. आणि प्रोसेसरच्या, म्हणजे इम्प्लांटच्या कानाबाहेर लावायच्या भागाच्या, वायरी, बॅटऱ्यांचंही बघा. अंध मुलाची वायर तुटली की त्याचा दिवस तिथेच थांबतो.

एडिपच्या इम्प्लांटचं काम आपल्याच खात्याची, श्रवणदोषांवर काम करणारी वांद्र्याची अली यावर जंग संस्था पाहते. पहिलं परिपत्रक तिथेच धाडता येईल.

आपली,
एक विशेष शिक्षिका