तुझ्या चुलतभावाच्या अपिलाबद्दल

सोलापूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. चुलतभावाला जन्मठेप झाली आणि कोठडीत मारून त्याच्याकडून कबुली घेतली, हे वाचून फार वाईट वाटलं. तो खरं बोलतोय असंच मला वाटतं. पण हायकोर्टात कागद लागतो. तेव्हा निवेदनं आणि मोर्चा नंतर बघू, आधी कागद गोळा करायला लाग.

हायकोर्टात अपिलाला निकालापासून ६० दिवस असतात. निकालाची नक्कल मिळेपर्यंत गेलेले दिवस त्यात धरत नाहीत. शिक्षा झालेल्याला निकालाची एक प्रत फुकट मिळते, ती त्याच्याकडेच असेल. मुदत टळली तर विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण ती वेळ आणू नका. सोलापूरची अपिलं आता मुंबईला जात नाहीत. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय, तिथे जायचं. वकिलासाठी काकांना जमीन विकू देऊ नकोस. कैदेतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन कर. अपिलाबरोबरच शिक्षा स्थगिती आणि जामिनाचा अर्ज द्यायला सांग.

आता मुख्य मुद्दा. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालतच नाही. आधी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ आहे. मग शिक्षा होते कशी? ‘हत्यार लपवलंय, काढून देतो’ हे निवेदन आणि त्यानंतरची जप्ती, एवढा भाग कोर्ट ग्राह्य धरतं, आणि मारून वदवलेलं याच वाटेने आत येतं. म्हणून निवेदन पंचनामा शब्द न् शब्द वाच. पंच कोण होते, त्याच ठाण्याच्या आणखी किती खटल्यांत पंच म्हणून आलेत? वस्तू सापडली ती जागा कुणालाही जाता येईल अशी होती का? ती जागा पोलिसांना आधीच ठाऊक होती का? सील कधी केलं? पंचनाम्याची वेळ स्टेशन डायरीशी जुळते का?

माराचा पुरावा उशिरा शोधायला गेलं की हाती लागत नाही. काळेनिळे वळ साधारण दोन आठवड्यांत जातात, तळपायावरच्या माराची खूण तर बाहेरून दिसेनाशी होते. त्यामुळे त्या दिवसांतली नोंद शोधायची. कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, असं सुप्रीम कोर्टाने १९९६ च्या डी. के. बसू निकालात सांगितलंय. सिव्हिल हॉस्पिटलमधले ते कागद काढ. त्याहून मोलाची म्हणजे तुरुंगात दाखल होतानाची तपासणी, कारण ती पोलिसांच्या ताब्याबाहेर होते. त्यासाठी त्याच्या सहीचा अर्ज अधीक्षकांकडे द्या. हाड मोडलं असेल तर जुळलेल्या जागी एक्स-रेमध्ये बरेचदा दिसतं. छळाच्या तपासणीसाठी संयुक्त राष्ट्रांची इस्तंबूल प्रोटोकॉल ही मार्गदर्शिका आहे, २०२२ मध्ये तो सुधारलाय. अंगावर खूण नाही म्हणून छळ झालाच नाही असं धरायचं नाही, हे त्यात स्पष्ट आहे. मानसोपचारतज्ज्ञाचा अहवालही त्यात बसतो.

रिमांडच्या कागदावर बहुधा ‘पोलिसांविरुद्ध तक्रार नाही’ असं लिहिलेलं सापडेल. सरकारी वकील त्यावरच बोट ठेवतील. पण पीसीआर (पोलीस कोठडी) वाढवून मागताना मारणारेच शेजारी उभे असतात आणि संध्याकाळी परत त्यांच्याच हाती जायचं असतं. तिथे तोंड उघडणार कोण? एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाल्यावर तो पहिल्यांदा कधी आणि कुणाजवळ बोलला, हे रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदींत), तुरुंगातल्या अर्जांत, कोर्टापुढच्या त्याच्या शेवटच्या जबाबात बघ. पहिली तक्रार जितकी लवकरची, तितकं ‘नंतर सुचलेली गोष्ट’ म्हणून उडवून लावणं अवघड. त्याची हकिकत त्याच्याच शब्दांत लिहून घे. तारीख आठवत नसेल तर तसंच लिही, आपल्या पदरचं काही घालू नको. एक खोटं निघालं की बाकीचं खरंही बुडतं.

त्याच अधिकाऱ्यांवर इतरांच्या तक्रारी आहेत का, तेही बघ. शिकागोत जॉन बर्ज या पोलीस अधिकाऱ्याने आणि त्याच्या हाताखालच्यांनी १९७२ ते १९९१ या काळात शंभराहून जास्त कृष्णवर्णीयांचा छळ केला. सुट्या तक्रारी फेटाळल्या जात होत्या. त्या एकत्र मांडल्यावर तीच माणसं आणि तेच शॉक देणं दिसू लागलं. पुढे २००९ मध्ये इलिनॉय राज्याने अशा कबुल्या तपासायला वेगळा आयोगच केला.

आपल्याकडचं उदाहरण माहीत असू दे. २००३ च्या नाशिक जिल्ह्यातल्या गुन्ह्यात भटक्या जमातीच्या सहा जणांपैकी तिघांची फाशी सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये कायम केली आणि उरलेल्या तिघांची जन्मठेप वाढवून फाशी केली होती. ५ मार्च २०१९ ला त्याच कोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी ५ लाख द्यायला सांगितलं. साक्षीदार बाईने पोलिसांच्या फोटोंतून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं, त्यांचा तपास झालाच नव्हता. हे उत्तर फाइलमध्ये पहिल्यापासून पडून होतं. सेटलमेंट (या जमातींना डांबून ठेवायची वसाहत) बघितलेल्या सोलापूरकराला वेगळं सांगायला नको, गुन्हेगार जमातींचा १८७१ चा कायदा १९५२ ला गेला, संशय गेला नाही. म्हणून तुझ्या भावाच्या फाइलमधलं एकही पान न वाचता सोडू नको.

मानवाधिकार आयोगाकडे तक्रार घटनेपासून वर्षाच्या आत लागते, आणि कोर्टात असलेल्या विषयात आयोग सहसा पडत नाही. त्यावर अवलंबून राहू नका. साक्षीदारांची नावं व्हॉट्सॲपवर फिरवू नका, त्यांच्यावर दबाव येतो.

सोमवारी नक्कल विभागात अर्ज टाक. निकाल, सगळे पंचनामे, रिमांडचे कागद, रोजनामा, साक्षी, एवढं माग. काकू येरवड्याला मुलाकतीला जातील तेव्हा वकीलपत्र बरोबर द्या, सही अधीक्षकांपुढे होते.

तुझा मित्र